बचावाचा कागद शाबीत व्हावा म्हणून

प्रति,
महाराष्ट्रातील फौजदारी न्यायालयांत आरोपीच्या वतीने उभे राहणारे सर्व वकील

सन्माननीय वकील बंधू-भगिनींनो,



फौजदारी खटल्यात बचाव पक्षाचा कागद चार टप्प्यांतून जातो. तो मिळवावा लागतो, कुठून आला हे सांगता येईल अशा रीतीने जपावा लागतो, साक्षीदारामार्फत किंवा समोरच्या पक्षाच्या कबुलीने शाबीत करावा लागतो, आणि त्यावर न्यायालयाची निशाणी पडावी लागते. यांतला एक टप्पा जरी राहिला तरी कागद नोंदीत दिसतो, पण निकालात उपयोगी पडत नाही.

अपिलाच्या पेपरबुकांत असे कागद वारंवार आढळतात. सरकार पक्षाची फिर्याद, पंचनामे, शवविच्छेदनाचा अहवाल, रासायनिक विश्लेषकांचा अहवाल हे सारे क्रमाने लावलेले असते. प्रत्येकाला निशाणी असते आणि तो कोणत्या साक्षीदाराने शाबीत केला हे साक्षीतून कळते. बचावाचे कागद मात्र एखाद्या यादीमागे टाचलेल्या पुसट झेरॉक्स प्रतींच्या रूपात सापडतात. त्या कोणी आणल्या, मूळ कागद कुठे आहे, कोणत्या साक्षीदाराला दाखवले, याचा मागमूस लागत नाही. निकालपत्रात त्यांच्या वाट्याला एकच वाक्य येते: आरोपीने कागद दाखल केला, परंतु शाबीत केला नाही. या वाक्यामागे कागदाचा खोटेपणा असतोच असे नाही. बऱ्याचदा तयारीची उणीव असते. ती भरून निघावी यासाठी हे पत्र आहे.

गुन्हा निःसंशय शाबीत करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असते आणि आरोपीला गप्प राहण्याचा अधिकार आहे. उलटतपासावरच उभा असलेला बचाव पूर्णपणे योग्य असू शकतो. पण एकदा कागद पुढे करायचे ठरले की तो अर्धवट पुढे करणे हे न करण्यापेक्षा वाईट ठरते. घटनेच्या वेळी आरोपी अन्यत्र होता, हा बचाव घेऊन तो तसाच सोडून दिला, तर खोटा बचाव घेतल्याचा ठपका त्याच्यावरच येण्याची भीती असते. नीट मांडलेल्या कागदाचे चित्र याच्या उलट असते. आरोपीला आपले म्हणणे सहसा केवळ संभवनीय आहे इतकेच दाखवायचे असते. शिवाय बचावाच्या साक्षीदारांना सरकारी साक्षीदारांच्या बरोबरीने वागवले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने दूधनाथ पांडे प्रकरणात १९८१ सालीच सांगितले आहे. कायदा बचावाच्या पुराव्याला कमी लेखत नाही. म्हणून तयारीतही तो कमी लेखला जाऊ नये.

पहिली तक्रार उशिराची आहे. बचावाचा पुरावा म्हणजे सरकार पक्षाच्या साक्षी संपल्यानंतर आणि आरोपीचा जबाब झाल्यानंतरचा विषय, अशी समजूत रूढ आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५६ मध्ये, म्हणजे जुन्या संहितेच्या कलम २३३ मध्ये, हा टप्पा त्या ठिकाणी येतो हे खरे. पण तो पुरावा सादर करण्याचा टप्पा आहे. गोळा करण्याचे काम वकीलपत्रावर सही होते त्या दिवशी सुरू व्हायला हवे, कारण पुरावा खटल्यासाठी थांबून राहत नाही. एसटीच्या यंत्रातून निघणारे तिकीट थर्मल कागदावर असते आणि त्यावरची अक्षरे काही काळाने उडून जातात. दुकानाबाहेरच्या कॅमेऱ्याचे चित्रण डीव्हीआरमधील जागा भरली की आपोआप पुसले जाते आणि त्या जागी नवे चढते. मोबाइल कंपन्यांनी कॉलचा तपशील किमान दोन वर्षे ठेवावा, अशी अट दूरसंचार विभागाने २०२१ मध्ये परवान्यात घातली. पोलीस ठाण्यातील कॅमेऱ्यांचे चित्रण १८ महिने आणि कोणत्याही परिस्थितीत वर्षापेक्षा कमी नाही इतके जपावे, असे परमवीर सिंग सैनी प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले. सत्र खटल्यात पहिला साक्षीदार पिंजऱ्यात येईपर्यंत या साऱ्या मुदती उलटून गेलेल्या असू शकतात.

म्हणून पहिली विनंती अशी की, अशिलाशी झालेल्या पहिल्याच सविस्तर बोलण्यातून एक यादी तयार व्हावी: कोणता कागद किंवा चित्रण आहे, ते कोणाच्या ताब्यात आहे आणि किती दिवस टिकणार आहे. ज्याच्या ताब्यात ते आहे त्याला जपून ठेवण्याचे लेखी पत्र जावे आणि पोच फायलीला लागावी. पत्राने काम झाले नाही तर संहितेच्या कलम ९४ खाली, म्हणजे जुन्या कलम ९१ खाली, न्यायालयाकडे अर्ज करावा. देवेंद्रनाथ पाढी प्रकरणातील निकालानंतर दोषारोप निश्चित होण्याच्या वेळी आरोपीला आपले कागद सहसा पुढे करता येत नाहीत, त्यामुळे कागद लगेच हजर करण्याचा आदेश मिळेलच असे नाही. पण नाहीसा होऊ शकणारा तपशील जपून ठेवावा, एवढा आदेश मागण्यात काही चूक नाही. सुरेशकुमार प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अमली पदार्थांच्या खटल्यातील आरोपीला कॉल आणि टॉवरचा तपशील बचावासाठी मिळावा, हे तत्त्व मान्य केले आहे. शिवाय तपासी अंमलदाराने गोळा केलेल्या पण दोषारोपपत्रात न वापरलेल्या कागदांची आणि वस्तूंची यादीही आरोपीला मिळावी, असे सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी खटल्यांतील उणिवांबाबत २०२१ साली दिलेल्या मार्गदर्शनात म्हटले आहे. ही यादी मागण्याचे राहून जाते. बचावाचे उत्तम कागद कधी कधी त्याच यादीत असतात.

दुसरी तक्रार कागदाच्या उगमाबद्दल आहे. आरोपी तुरुंगात असतो आणि त्याची बायको किंवा भाऊ प्लास्टिकच्या पिशवीत घड्या घातलेले कागद आणून देतो. त्यांत रेशनकार्ड, दवाखान्याची चिठ्ठी, पगाराची पावती आणि शेजाऱ्याच्या फोनवरून काढलेले फोटो एकत्र असतात. कारकून ते तसेच फायलीत ठेवतो. दोन-चार वर्षांनी साक्षीच्या दिवशी तो कागद कोणाकडून आला हे कोणालाच सांगता येत नाही. सरकारी वकिलांचा पहिला प्रश्न मात्र नेमका तोच असतो.

यावर उपाय एका साध्या नोंदवहीचा आहे. प्रत्येक कागदाची किंवा वस्तूची एक ओळ असावी: मिळाल्याची तारीख, कोणी आणून दिला, त्याच्याकडे तो कसा आला, मूळ आहे की प्रत, पाने किती, मिळाला तेव्हाची अवस्था आणि आता कुठे ठेवला आहे. आणणाऱ्याला सहीची पावती द्यावी आणि तिची प्रत ठेवावी. मूळ कागद पारदर्शक पाकिटात सपाट ठेवावा. त्याला भोक पाडू नये, टाचणी लावू नये, रंगीत पेनाने रेघा मारू नयेत आणि लॅमिनेशनही करू नये, कारण शाई आणि कागद तपासण्याची वेळ आली तर तज्ज्ञाला त्याचा अडथळा होतो. रोजच्या वापरासाठी झेरॉक्स पुरेशी आहे. कागद फाटलेला असेल, तारीख खोडून पुन्हा लिहिलेली असेल, तर तशी नोंद आल्या दिवशीच करावी. ते उलटतपासात उघड होण्याआधी वकिलाला माहीत असले पाहिजे.

याच संदर्भात दोन मर्यादा पाळल्या जाव्यात. वकिलाने स्वतः चित्रण उतरवून घेणे, घटनास्थळाचे फोटो काढणे किंवा एकट्याने कागद ताब्यात घेणे टाळावे. जिथे आपण साक्षीदार होण्याची शक्यता आहे तिथे वकिलाने उभे राहू नये, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम आहे. म्हणून हे काम अशा माणसाने करावे, जो पुढे पिंजऱ्यात येऊन शपथेवर सांगू शकेल. दुसरी मर्यादा वस्तूंची आहे. गुन्ह्याशी संबंध असू शकेल असे हत्यार, कपडे किंवा फोन वकिलाने स्वतःकडे ठेवून घेऊ नये. पुरावा नाहीसा करणे हा गुन्हा आहे, आणि अशिलाचा विश्वास राखण्याचे कर्तव्य त्या गुन्ह्यासाठी ढाल होऊ शकत नाही.

तिसरी तक्रार चिठ्ठीची, म्हणजे कागदावर किंवा त्याच्या पाकिटावर लावलेल्या ओळखपट्टीची आहे. बचावाच्या कागदांवर ती सहसा नसतेच. असली तर तिच्यावर ‘आरोपी गावात नसल्याचा पुरावा’ असे लिहिलेले असते. ते वर्णन नव्हे, तो युक्तिवाद झाला. चिठ्ठीने कागद काय आहे ते सांगावे. त्यातून काय शाबीत होते हे साक्षीने आणि अंतिम युक्तिवादाने सांगावे.

घटनेच्या रात्री आरोपी ग्रामीण रुग्णालयात उपचार घेत होता, असा बचाव उदाहरणादाखल घेतला, तर त्या कागदाच्या पाकिटावरील चिठ्ठी अशी असावी:

सत्र खटला क्रमांक आणि वर्ष
बचावाचा तात्पुरता क्रमांक: ब-३
वर्णन: ग्रामीण रुग्णालयाचा बाह्यरुग्ण केसपेपर, तारीख आणि नोंदणी क्रमांकासह, एक पान, पाठपोट मजकूर
स्वरूप: मूळ
कोणाकडून, केव्हा: आरोपीच्या भावाकडून, पावती क्रमांकासह
अवस्था: घडीवर फाटलेला, डाव्या कोपऱ्यात शाईचा डाग
शाबीत करणारा साक्षीदार: त्या रात्रीचे वैद्यकीय अधिकारी, सोबत रुग्णालयाची नोंदवही
न्यायालयाची निशाणी: (रिकामी जागा)

या आठ ओळींत खटल्याची बरीच तयारी येऊन जाते. ‘पाठपोट’ हा शब्द नसेल तर मागची बाजू झेरॉक्स होत नाही, आणि औषध दिल्याची वेळ नेमकी मागच्या बाजूला असते. ‘शाबीत करणारा साक्षीदार’ ही ओळ रिकामी राहिली तर समन्स काढायचे राहिले आहे हे लगेच कळते. इथे साक्षीदाराची निवडही महत्त्वाची आहे. रुग्णालयाचा कारकून नोंदवही आणू शकतो, ती कुठे ठेवली जाते हे सांगू शकतो. पण रुग्णाला किती वाजता आणि कोणत्या अवस्थेत पाहिले, हे त्याला पाहणारा डॉक्टरच सांगू शकतो. चिठ्ठी नेहमी पाकिटावर लावावी, मूळ कागदावर काहीही लिहू नये. आणि निशाणीची जागा रिकामीच राहावी, कारण तो क्रमांक देण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे.

चौथी तक्रार क्रमांकांच्या गोंधळाची आहे. महाराष्ट्रातील रूढ पद्धतीत खटल्याच्या नोंदीत एकच सलग मालिका चालते. अर्ज, दोषारोप, आरोपीचे म्हणणे, साक्षी आणि शाबीत झालेले कागद या सर्वांना त्या मालिकेतल्या निशाण्या पडतात. त्यामुळे नुसत्या क्रमांकावरून कागद कोणत्या पक्षाचा हे कळत नाही. त्यात यादीसोबतचा क्रमांक, शाबीत झाल्यानंतरची निशाणी आणि ओळखीपुरती केलेली खूण अशी तीन नावे एकाच कागदाला मिळतात. साक्षीत एक, लेखी युक्तिवादात दुसरे आणि निकालपत्रात तिसरे नाव आले की अपिलात तो कागद शोधणे अवघड होते.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली मान्य केलेल्या नमुना नियमांत यावर सुटसुटीत पद्धत सुचवली आहे. त्यात सरकार पक्षाचे कागद पी, बचावाचे डी, न्यायालयाचे सी आणि वस्तू एमओ या अक्षरांनी ओळखल्या जातात. कागदाच्या क्रमांकापुढे तो आणणाऱ्या साक्षीदाराचा क्रमांक लिहिला जातो. पुरेशा शाबितीशिवाय खूण केलेल्या कागदापुढे ‘शाबितीच्या अधीन’ असे नोंदवले जाते. न्यायालयात सलग मालिकाच चालू असेल तर बचाव पक्षाने निदान आपल्यापुरता एक तक्ता ठेवावा, ज्यात तात्पुरता क्रमांक, यादीतील क्रमांक, पडलेली निशाणी आणि साक्षीदार हे चार रकाने असतील. प्रत्येक तारखेनंतर तो रोजनाम्याशी ताडून पाहावा. कागदावर निशाणी पडली पण साक्षीत तिचा उल्लेख राहिला, किंवा साक्षीत उल्लेख आला पण कागदावर खूण पडली नाही, अशा चुका त्याच आठवड्यात अर्ज देऊन दुरुस्त होऊ शकतात.

याच सदरात साक्षीदारांच्या पोलिसांपुढील जबाबांचा प्रश्न येतो. बचाव पक्षाच्या हाती असलेला हा सर्वांत नेहमीचा कागद आहे, आणि त्याच्या बाबतीत हलगर्जीही सर्वांत जास्त होते. हा जबाब साक्षीदाराला खोडून काढण्यापुरताच वापरता येतो, आणि महत्त्वाची गोष्ट त्यातून वगळली जाणे हीसुद्धा विसंगती ठरू शकते, हे तहसीलदार सिंग प्रकरणापासून, म्हणजे १९५९ पासून, स्पष्ट आहे. पण त्याचीही रीत आहे. साक्षीदाराचे लक्ष जबाबातील नेमक्या वाक्याकडे वेधावे लागते. त्याने ते नाकारले तर त्या भागाला ‘पोर्शन मार्क ए’ अशी खूण करून घ्यावी लागते, आणि तपासी अंमलदाराच्या उलटतपासात तो भाग साक्षीदाराने सांगितल्याप्रमाणेच लिहिला होता हे वदवून घ्यावे लागते. व्ही. के. मिश्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ही रीत पुन्हा समजावून सांगितली. अनेक खटल्यांत पहिली पायरी होते, दुसरी राहते. म्हणून विनंती अशी की, खुणा केलेल्या प्रत्येक भागाचे पहिले आणि शेवटचे शब्द, साक्षीदाराचा क्रमांक आणि जबाब नोंदवणाऱ्या अंमलदाराचे पद एका कागदावर उतरवून घ्यावे, आणि तो कागद हाती असल्याशिवाय तपासी अंमलदाराचा उलटतपास सुरू करू नये.

पाचवी तक्रार निशाणी म्हणजेच शाबिती असे मानण्याबद्दल आहे. कागदावर नुसती निशाणी पडल्याने तो शाबीत होत नाही, हे सैत ताराजी खिमेचंद प्रकरणात १९७१ साली सांगितले गेले आणि नंतरच्या निकालांतही तेच दिसते. बिपिन शांतिलाल पांचाळ प्रकरणात, २००१ साली, हरकत नोंदवून कागदावर तात्पुरती खूण करावी आणि हरकतीचा निर्णय शेवटी द्यावा, अशी पद्धत सर्वोच्च न्यायालयाने घालून दिली होती. २०२१ च्या मार्गदर्शनात मात्र ती बंधनकारक मानू नये, हरकतीचा निर्णय साक्ष चालू असतानाच किंवा त्या साक्षीदाराची साक्ष संपताना द्यावा, असे म्हटले आहे. म्हणजे साक्षीच्या वेळी कागद आत आला म्हणून निश्चिंत राहता येत नाही. हरकतीला उत्तर द्यावेच लागते, आणि ते उत्तर साक्षीतच तयार असावे लागते.

शाबितीचा सोपा मार्ग संहितेच्या कलम ३३० मध्ये आहे. कागदांची यादी दाखल केली की समोरच्या पक्षाला प्रत्येक कागदाचा खरेपणा मान्य आहे की नाही हे विचारले जाते, आणि नव्या संहितेने त्यासाठी कागद दिल्यापासून ३० दिवसांची मुदत घातली आहे. सरकारी कार्यालयाची सही-शिक्क्याची नक्कल, रेल्वेचे आरक्षण, शाळेचा दाखला असे कागद या मार्गाने कमी श्रमात पुराव्यात येऊ शकतात. बचाव पक्ष ही यादी क्वचितच देतो. उलट, सरकार पक्षाने दिलेल्या यादीवर ‘हरकत नाही’ असा शेरा मात्र सहज लिहिला जातो. शवविच्छेदनाच्या टिपणाचा खरेपणा मान्य केला की ते डॉक्टरांच्या साक्षीशिवाय पुरावा म्हणून वाचता येते, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने शेख फरीद प्रकरणात ठरवले आहे. जखमांची वेळ किंवा हत्यार हाच वादाचा मुद्दा असेल तर त्या दोन शब्दांनी उलटतपासाची संधी हातची जाते. प्रत्येक कागद वाचून मगच शेरा लिहिला जावा, अशी कळकळीची विनंती आहे.

आरोपीच्या जबाबासोबत जोडलेल्या कागदांबद्दलही हाच गैरसमज आहे. संहितेच्या कलम ३५१ खाली आरोपीला लेखी निवेदन देता येते, पण त्याला जोडलेला कागद तेवढ्याने शाबीत होत नाही. त्यासाठी साक्षीदार किंवा कबुली लागतेच.

सहावी तक्रार इलेक्ट्रॉनिक पुराव्याची आहे. व्हॉट्सॲपच्या संदेशांचे स्क्रीनशॉट रंगीत छापून यादीला जोडणे म्हणजे पुरावा दिला, अशी समजूत अजून दिसते. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीतून उद्भवलेले अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हे प्रकरण महाराष्ट्रातीलच आहे. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रणावरून ठरवायचे होते. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मूळ उपकरणच न्यायालयात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्र लागत नाही. पण प्रत द्यायची असेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. ते देण्यास कोणी नकार दिला तर न्यायालयाकडे अर्ज करता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक भाग पक्षाने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि दोन्हींत फाइलचे हॅश मूल्य नोंदवायचे असते. त्या तारखेला प्रलंबित असलेले खटले मात्र जुन्या कायद्यानेच चालतात, त्यामुळे आपला खटला कोणत्या कायद्याखाली आहे हे आधी पाहावे.

इलेक्ट्रॉनिक फाइलचीही चिठ्ठी असते. तिच्यावर फाइलचे मूळ नाव, कोणत्या उपकरणातून घेतली, घेणाऱ्याचे नाव, तारीख आणि वेळ, हॅश मूल्य आणि ते काढण्याची पद्धत असावी. फाइलचे नाव बदलू नये, संदेश ‘फॉरवर्ड’ करून घेऊ नये, फोन अशिलाच्या घरच्यांनी वापरत राहू नये. चित्रणातील घड्याळ पुढे-मागे असेल तर प्रत घेतानाच खऱ्या वेळेशी पडताळून तो फरक नोंदवावा. बोलणे असेल तर त्याचे लिप्यंतर सोबत द्यावे आणि ते कोणी केले हे सांगावे. सरकार पक्ष मेमरी कार्डावर विसंबून असेल तर त्याची प्रत मागण्याचा हक्क आहे. त्यातील मजकूर हा कागदपत्रच ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली पी. गोपालकृष्णन प्रकरणात म्हटले आहे. पीडितेच्या खाजगीपणाचा प्रश्न असेल तिथे प्रतीऐवजी फक्त पाहणीची परवानगी मिळू शकते, आणि तो निर्बंध मनापासून पाळला जावा.

सातवी तक्रार मुद्देमालाची आहे. सरकार पक्षाच्या चिठ्ठ्या वाचणे हेही बचावाचेच काम आहे. जप्तीचा पंचनामा, पोलीस ठाण्याची मुद्देमाल नोंदवही, रासायनिक विश्लेषकांकडे पाठवल्याचे पत्र आणि त्यांचा अहवाल हे चार कागद शेजारी ठेवून ताडून पाहिले पाहिजेत. वस्तूचे वर्णन, पुडक्यांची संख्या, लाखेच्या सिलाची अवस्था, तारखा आणि मुद्देमाल घेऊन जाणारा शिपाई या पाच गोष्टी जुळतात का, हे त्यातून कळते. पंचनाम्यात एकच शर्ट आणि अहवालात दोन, किंवा जप्ती आणि रवानगी यांच्या मधल्या दिवसांची नोंदच नाही, असे आढळले तर तो फरक साक्षीत यायला हवा. त्यासाठी मुद्देमाल पाहण्याचा अर्ज साक्षीआधी द्यावा. पुडके न्यायालयात उघडताना सील आणि पंचांच्या सह्यांची चिठ्ठी शाबूत आहे की नाही, हे साक्षीत नोंदवून घ्यावे. ते उघडून झाल्यानंतर पुन्हा सांगता येत नाही.

बचावाने घटनास्थळाचे फोटो किंवा नकाशा द्यायचा असेल तर त्यालाही तीच शिस्त लागते. फोटो कोणी, कधी, कोणत्या जागेवरून आणि कोणत्या दिशेने काढला हे प्रत्येक फोटोबरोबर असावे, आणि ती जागा नकाशावर क्रमांकाने दाखवावी. रात्रीच्या घटनेसाठी दुपारी काढलेला फोटो अंतर दाखवू शकतो, उजेड नाही. तो कशासाठी आहे हे साक्षीत स्पष्ट व्हावे.

या सगळ्याला खर्च आणि माणसे लागतात, ही अडचण खरी आहे. तालुक्याच्या न्यायालयात एकटा वकील दिवसाला कितीतरी खटले सांभाळतो, आणि बहुतेक आरोपींकडे पैसे नसतात. पण नोंदवही, पाकिटे, छापील चिठ्ठी आणि चार रकान्यांचा तक्ता यांना फारसे पैसे लागत नाहीत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांच्या लोक अभिरक्षक कार्यालयांनी एक सामाईक नमुना ठरवला तर गरीब आरोपीचा कागदही त्याच शिस्तीत उभा राहील. बार असोसिएशनांनी नव्या वकिलांच्या प्रशिक्षणात उलटतपासाइतकीच जागा या कामाला द्यावी. ज्येष्ठ वकिलांनी कनिष्ठांच्या हाती फाइल देताना तिच्यासोबत नोंदवही आणि तक्ताही द्यावा, कारण खटल्याच्या काळात वकील बदलतात, आणि नव्या वकिलाला त्या कागदांचा इतिहास त्यांतूनच कळतो.

अपिलाच्या न्यायाधीशांनी साक्षीदार पाहिलेला नसतो, आरोपीचा आवाज ऐकलेला नसतो. त्यांच्यापुढे नोंद असते आणि त्या नोंदीत जे शाबीत आहे तेवढेच असते. निर्दोष माणसाचा खरा कागद केवळ कोणी आणला हे सांगता आले नाही म्हणून बाद व्हावा, यापरते मोठे नुकसान वकिलाच्या हातून होऊ शकत नाही, आणि ते टाळणे पूर्णपणे वकिलाच्याच हाती आहे. म्हणून शेवटची विनंती एकच आहे: यापुढे ज्या दिवशी वकीलपत्रावर सही होईल, त्याच दिवशी बचावाच्या कागदांची नोंदवही उघडली जावी.



आपली नम्र,
फौजदारी अपिले चालवणारी एक वकील